घोड्याचे दात, धर्माची गाय आणि लाल मासळी

वर्तमानपत्राच्या डेस्कवर नवा होतो तेव्हाची गोष्ट. रात्रपाळी, पान सोडायला वीस मिनिटं, आणि समोर परदेशी वृत्तसंस्थेची एक बातमी. कुठल्याशा देशातला विरोधी पक्षनेता म्हणत होता की सरकारचा नवा चौकशी आयोग म्हणजे 'रेड हेरिंग' आहे. हेरिंग हा मासा, एवढं मला ठाऊक होतं. मी बिनदिक्कत लिहून टाकलं, 'चौकशी आयोग म्हणजे लाल मासळी, विरोधकांची टीका'. पान तपासणाऱ्या वरिष्ठांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ही मासळी कुठल्या बाजारातून आणलीत?" मग त्यांनीच पेन घेऊन 'लोकांचं लक्ष भलतीकडे वळवण्याची चाल' असं केलं आणि पान सोडलं. पान वेळेत गेलं, पण ती मासळी काट्यासारखी माझ्या घशात अडकून राहिली.

हेरिंग हा उत्तरेकडच्या थंड समुद्रातला लहान, चंदेरी, तेलकट मासा. बर्फ आणि फ्रीजच्या आधी तो टिकवायचा तर भरपूर मीठ लावून दिवसचे दिवस लाकडाच्या धुरावर टांगत. धुरानं त्याची चंदेरी कातडी तांब्यासारखी लालसर व्हायची, आणि वास असा सुटायचा की गल्लीच्या टोकाला कळावं. कोकणात सुकटीच्या वाळवणावरून जो गेला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. आता या वासाचा चकव्याशी काय संबंध? विल्यम कॉबेट नावाचा इंग्रज पत्रकार होता, 'पोलिटिकल रजिस्टर' हे त्याचं साप्ताहिक. १४ फेब्रुवारी १८०७ च्या अंकात त्यानं लिहिलं की लहानपणी आपण सशाच्या मागावर असलेल्या शिकारी कुत्र्यांना फसवायला त्यांच्या वाटेत लाल हेरिंग फरपटत न्यायचो. कुत्री सशाचा माग सोडून माशाच्या वासामागे लागायची. पुढे तो म्हणतो, आपल्या वर्तमानपत्रांचंही तेच झालं. नेपोलियन हरल्याची खोटी बातमी आली, सगळे तिच्यामागे धावले आणि घरचे महत्त्वाचे विषय विसरले.

म्हणजे ज्या शब्दानं मला पत्रकारितेत पहिला फटका दिला तो एका पत्रकारानंच, खोट्या बातमीवरून, रूढ केलेला होता. अभ्यासकांनी पुढे शोधलं तेव्हा असंही दिसलं की माशानं कुत्र्यांना चकवण्याची काही सर्रास प्रथा नव्हती. लोकांना आठवली ती कॉबेटची गोष्ट.

तेव्हापासून एक सवय लागली. इंग्रजी वाक्प्रचारात जनावर दिसलं की त्याचा रंग नि स्वभाव बघायचा नाही, ते तिथं कोणत्या कामावर आलं आहे ते आधी विचारायचं. बाजारात विकायला आलंय, तबेल्यात बांधलंय, शिकारीला निघालंय, की धर्मग्रंथातून चालत आलंय? काम कळलं की अर्थ आपोआप उलगडतो. आणि गंमत म्हणजे तेच काम करणारं आपल्याकडचं जनावर मराठी म्हणीत बहुतेक वेळा आधीच उभं असतं.

घोडाच घ्या. 'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ', भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात डोकावू नये. पुस्तकात याचा अर्थ 'फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत' असा दिलेला असतो, तो बरोबरच आहे. पण तोंडातच का? कारण घोड्याचं वय दातांवरून कळतं. पाचव्या वर्षाच्या सुमाराला त्याचे पुढचे सगळे पक्के दात आलेले असतात. त्यानंतर ते झिजत जातात, वरच्या खळग्या बुजतात, दातांचा कोन पुढे कलतो आणि हिरड्या मागे सरकल्यानं ते लांब दिसू लागतात. म्हाताऱ्या माणसाला इंग्रजीत 'लाँग इन द टूथ' म्हणतात ते यावरूनच. घोडा विकत घेताना जबडा उघडून बघणं हे शहाणपण, दानात मिळालेल्या घोड्याचा जबडा उघडणं हा उर्मटपणा. हे वाक्य काही इंग्रजांचं नाही. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत जेरोमनं लॅटिनमध्ये ते म्हण म्हणूनच उद्धृत केलं आहे. इंग्रजीत ते जॉन हेवुडच्या १५४६ च्या म्हणींच्या संग्रहात सापडतं.

आता आपल्याकडे या. 'धर्माची गाय आणि दात का गं नाय?' दानात मिळालेल्या गाईला दात का नाहीत म्हणून कुरकुरणाऱ्याला हाणलेला हा टोला. तोच जबडा, तेच दान. फक्त घोड्याच्या जागी गाय, आणि इंग्रजीत उपदेश आहे तिथं मराठीत सरळ वेडावून दाखवणं आहे. मला मराठी जास्त आवडते, पण ते जाऊ द्या.

आमच्या गावच्या आठवडी बाजारात मी हे लहानपणी बघितलेलं. व्यापारी बैलाच्या शिंगाजवळ उभा राहतो, एका हातानं नाकपुड्या धरून मान वर करतो आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालचा ओठ दाबतो. खालचाच, कारण गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथं नुसती टणक हिरडी असते. खाली आठ दात. दुधाचेच दात असतील तर तो आदत. साधारण दोन-अडीच वर्षांनी पक्क्या दातांची पहिली जोडी येते, की झाला दुसा. मग चौसा, आणि चार-साडेचार वर्षांच्या सुमारास आठही दात आले की जुळला. बैलगाडा शर्यतींचे गट आजही याच शब्दांनी पुकारतात, आदत, दुसा, चौसा. दात बघून झाले की रुमालाखाली हात जायचे आणि बोटं दाबून भाव ठरायचा. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळत नसे. हे बघितलेल्या पोराला 'गिफ्ट हॉर्स' शिकवायला कोश कशाला लागेल? पण शाळेत आम्हाला तो घोडा पाठ करायला लावला आणि गाईची आठवणही कुणी करून दिली नाही.

'स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ' हाही घोड्याच्याच तोंडातला, पण याचं काम वेगळं. खुद्द माहीतगाराकडून मिळालेली पक्की खबर, असा याचा अर्थ. घोड्यांच्या शर्यतीत कोण जिंकणार याच्या टिपा विकत. तबेल्यातल्या पोऱ्यानं दिलेली टीप भरवशाची, जॉकीनं दिलेली त्याहून भरवशाची, आणि साक्षात घोड्यानं सांगितलेली तर काय, पक्कीच! विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शर्यतींमधला हा विनोद आहे. दोन्ही वाक्प्रचारांत घोड्याचं तोंड आहे म्हणून दोन्हींचा संबंध दातांशी जोडणारे खूप भेटतात.

तबेल्यातला आणखी एक. घोडा पळाल्यावर तबेल्याचं दार लावणं, ही इंग्रजीतली म्हण चौदाव्या शतकापासूनची. आपली म्हण 'बैल गेला आणि झोपा केला'. यातल्या 'झोपा'चा अर्थ झोप घेणे असा लावणारे पदवीधर मी पाहिले आहेत. बैल चोरीला गेला आणि मालक झोपून राहिला, अशी त्यांची समजूत. झोपा म्हणजे गोठ्याला लावायचं काट्याकुट्यांचं, झापांचं दार. गोठे गेले, झोपे गेले, म्हण तेवढी राहिली. परक्या भाषेतलीच म्हण अपारदर्शक असते असं नाही. काम बंद पडलं की आपलीही होते.

आता बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. 'अ पिग इन अ पोक' म्हणजे न बघता घेतलेला माल. पोक म्हणजे पोतं, पिशवी. लहान पोक म्हणजे पॉकेट. आपण मराठीत रोज बोलतो ते पॉकेट या डुकराच्या पोत्याचं धाकटं भावंड आहे! बाजारात डुकराचं पिल्लू पोत्यात घालून विकत. पोत्याचं तोंड उघडलं तर पिल्लू पळेल, ही विक्रेत्याची सबब. भोळा गिऱ्हाईक पोतं तसंच घरी नेई आणि आत निघे मांजर. जर्मन आणि फ्रेंच भाषांत हा वाक्प्रचार 'पोत्यातलं मांजर विकत घेणं' असाच आहे. इंग्रजांनी कबूल केलेल्या मालाचं नाव घेतलं, त्या दोघांनी हातात पडलेल्या मालाचं.

मग 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग', म्हणजे बिंग फोडणं, हे त्याच पोत्यातून निघालं असणार हे ओघानंच वाटतं. छापील इंग्रजीत ते १७६० च्या सुमाराला दिसतं. काही जण सांगतात की हे मांजर म्हणजे जहाजावर खलाशांना फोडायचा नऊ शेपट्यांचा चाबूक, तो पिशवीतून बाहेर काढला की गेलीच कातडी. गोष्ट झकास आहे, पण चाबूक बाहेर काढण्यात कुठलंच गुपित फुटत नाही, त्यामुळे मला ती पटत नाही. पोत्याची पटते, कारण पोत्यात खरोखर काहीतरी लपवलेलं असतं.

मराठीत? 'पाण्यात म्हैस, बाहेर मोल'. म्हैस डोहात डुंबते आहे, फक्त शिंगं आणि नाक दिसतंय, आणि काठावर दोघे जण तिची किंमत ठरवताहेत. कास कशी आहे, पाय धड आहेत का, काही दिसत नाही. पिग इन अ पोकला याहून चपखल मराठी नाही. ऑनलाइन फोटो बघून सेकंडहँड गाडी बुक करणाऱ्या भाच्याला मी हेच ऐकवलं होतं. त्याला म्हण कळली नाही, इंग्रजी प्रतिशब्द मागायला लागला.

सगळं इतकं सरळ नसतं हे सांगायला 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आहे. धो धो पाऊस, हा अर्थ शाळकरी मुलालाही माहीत असतो. १९९९ साली इंटरनेटवर एक ईमेल फिरला आणि अजूनही त्याची पिल्लं व्हॉट्सअॅपवर फिरतात. म्हणे पूर्वी इंग्लंडात घरांवर गवताची छपरं असत, उबेसाठी कुत्री-मांजरं त्यात झोपत आणि पाऊस पडला की घसरून खाली पडत. हे थोतांड आहे. ज्यानं गवतानं शाकारलेलं घर पाहिलंय त्याला सांगा की त्या उतारावर कुत्रा झोपतो, बघा काय उत्तर मिळतं. आणि चांगलं शाकारलेलं छप्पर पाणी आत घेत नाही, तेच तर त्याचं काम.

खरं मूळ पक्कं सापडलेलं नाही, पण खुणा आहेत. १६५१ मध्ये हेन्री व्हॉनच्या कवितेत कुत्र्या-मांजरांच्या पावसाचा उल्लेख येतो. जोनाथन स्विफ्टनं १७१० मध्ये लंडनमधल्या सरीवर कविता लिहिली, तिच्यात गटारं तुंबून वाहताहेत आणि त्यात खाटकाच्या दुकानातली घाण, बुडालेली कुत्र्याची पिल्लं, मेलेली मांजरं, सडके मासे वाहत चालले आहेत. पुढे १७३८ मध्ये याच स्विफ्टच्या पुस्तकात आजचा वाक्प्रचार जवळजवळ जसाच्या तसा सापडतो. मेलेली जनावरं वाहताना बघून तो सुचला असेल, किंवा दोन जनावरांच्या भांडणाचा गोंगाट ऐकून. काही वाक्प्रचार नुसते मजेनं फेकलेले असतात.

यावर 'काय विचित्र भाषा आहे' म्हणून हसण्याआधी आपलं पंचांग उघडा. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस जोरदार. कोल्हा असेल तर शेतकरी तोंड वाकडं करतो. 'यंदा मृगाचं वाहन काय?' हा प्रश्न पारावर अजूनही विचारला जातो. म्हणजे म्हशीवर बसून पाऊस येतो हे आपल्याला चालतं! आणि 'मुसळधार' शब्दात आभाळातून मुसळं पडतात, त्याचं काय करायचं?

काही जनावरं धर्मग्रंथातून आली आणि वाटेत बदलली. 'स्केपगोट'ला आपण डोळे झाकून 'बळीचा बकरा' म्हणतो. दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा भोगणारा, हा अर्थ दोन्हीकडे आहे. पण बायबलच्या जुन्या करारात, लेवीयच्या सोळाव्या अध्यायात, प्रायश्चित्ताच्या दिवशी बोकड दोन असतात. चिठ्ठ्या टाकतात. एक देवाच्या वाट्याला जातो, त्याचा बळी देतात. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक हात ठेवतो, सगळ्या लोकांची पापं त्याच्यावर घालतो आणि त्याला जिवंत रानात सोडून देतात. विल्यम टिंडलनं हा भाग १५३० मध्ये इंग्रजीत आणला तेव्हा या दुसऱ्या बोकडासाठी त्यानं शब्द घडवला, स्केपगोट, म्हणजे निसटून गेलेला बोकड. आपला 'बळीचा बकरा' त्या गोष्टीत शोधला तर तो पहिला बोकड निघतो, ज्याच्यावर कुणी पाप घातलंच नव्हतं. भाषांतरात आपण बोकडांची अदलाबदल केली. अर्थात पुढच्या काळातल्या ज्यू परंपरेत त्या दुसऱ्यालाही कड्यावरून ढकलत, तेव्हा सुटका त्याचीही नव्हती. टिंडलचीही झाली नाही. १५३६ मध्ये पाखंडी ठरवून त्याला गळा आवळून मारलं आणि जाळलं.

अशा अदलाबदलीत मराठीनं एकदा फार सुंदर काम केलं आहे. 'लायन्स शेअर' म्हणजे सर्वांत मोठा वाटा. मूळ गोष्ट इसापाच्या परंपरेतली. फीड्रस या रोमन कवीकडे ती अशी आहे, की गाय, शेळी, मेंढी आणि सिंह मिळून हरीण मारतात. सिंह चार वाटे करतो. पहिला माझा, मी राजा म्हणून. दुसरा मी भागीदार म्हणून. तिसरा मी बलवान म्हणून. आणि चौथ्याला हात लावेल त्याची खैर नाही. म्हणजे सिंहाचा वाटा मोठा नाही, सगळाच आहे. इंग्रजीत सगळाचा मोठा झाला. मराठीत आल्यावर 'संघाच्या विजयात कर्णधाराचा सिंहाचा वाटा' असं आम्ही खेळपानावर दिवसाआड छापतो, आणि त्यात सिंह काही खात नाही, तो खपतो. ओरबाडणारा सिंह आमच्याकडे येऊन कष्टाळू झाला.

हे का झालं असावं, याचा मी माझ्यापुरता एक अंदाज बांधला आहे. मराठीत 'वाटा' या शब्दाशेजारी आधीपासून एक चिमुकलं जनावर आहे, 'खारीचा वाटा'. सेतू बांधताना वाळूत लोळून अंगाला चिकटेल तेवढी वाळू नेऊन टाकणारी खार, आणि तिच्या पाठीवरून फिरलेली रामाची बोटं. लोककथेतल्या त्या खारीनं 'वाटा' म्हणजे घेणं नव्हे, देणं, हे ठरवून टाकलं होतं. पाहुणा सिंह तिच्या शेजारी बसला आणि तिच्या चालीनं चालायला लागला. सत्कार समारंभात आता दोघं एकाच वाक्यात येतात. कुणाचा सिंहाचा, कुणाचा खारीचा.

हत्तीच्या बाबतीत मात्र आपण इतके नशीबवान नाही. 'व्हाइट एलिफंट'वरून आलेला 'पांढरा हत्ती' आपण सरकारी प्रकल्पांना सर्रास लावतो. पोसायला महाग, उपयोग शून्य. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाला एखादा दरबारी नकोसा झाला की तो त्याला पांढरा हत्ती भेट देई. पवित्र म्हणून कामाला लावता येत नाही, विकता येत नाही, खाऊ घालता घालता दरबारी भिकेला लागे, अशी गोष्ट सांगतात. सयामच्या इतिहासात तिला आधार नाही. तिथं पांढरा हत्ती राजाच्या भाग्याचं लक्षण, तो दुसऱ्याला देऊन टाकण्याची कल्पनाच विचित्र. १९१६-१७ पर्यंत सयामच्या झेंड्यावर तोच होता. शिवाय तो पांढराशुभ्र नसतोच. फिकट, गुलाबी-तांबूस कातडीचा असतो. सर्कसवाल्या बार्नमनं १८८४ मध्ये ब्रह्मदेशातून असा एक हत्ती मोठ्या खर्चानं अमेरिकेत नेला आणि प्रेक्षक त्याचा रंग बघून खट्टू झाले. आपल्याकडे इंद्राचा ऐरावत पांढरा. समुद्रमंथनातून निघालेलं रत्न ते, आणि आज पांढरा हत्ती म्हटलं की बंद पडलेला पूल आठवतो.

'एलिफंट इन द रूम'ला हल्ली अग्रलेखात 'खोलीतला हत्ती' म्हणून आणतात. सगळ्यांना दिसतंय पण कुणी बोलत नाही, असा तो विषय. रशियन कवी क्रिलोव्हची १८१४ ची एक बोधकथा आहे. एक माणूस संग्रहालयात जाऊन माश्या, भुंगे, टाचणीच्या टोकाएवढे किडे बघून येतो, आणि हत्ती बघितलास का विचारल्यावर म्हणतो, अरे तो राहिलाच. तिथं हत्ती दिसलेलाच नाही, इथं दिसूनही गप्प बसायचं आहे. मराठीत तो अजून पाहुण्यासारखा अवघडून उभा राहतो असं मला वाटतं. 'नक्राश्रू' मात्र मराठीत छान मुरले आहेत. मगर भक्ष्य खाताना रडते ही समजूत हजारेक वर्षांहून जुनी. २००७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या केंट व्हलिएटनं प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात, मगरीच्या कुळातल्या सात प्राण्यांपैकी पाच जणांच्या डोळ्यांत खाताना खरोखर पाणी आलं. दुःख नाही, फुसफुसत खाताना हवा आणि अश्रुग्रंथींवर येणारा दाब हे त्याचं संभाव्य कारण. निरीक्षण प्रत्यक्षात केमन आणि अॅलिगेटर या चुलत भावंडांवर केलं, कारण त्यांना कोरड्या जमिनीवर खायची सवय लावलेली होती. पाण्यात डोळे ओले दिसणारच.

शेअर बाजाराचं पान लावताना रोज भेटणारी जोडी म्हणजे बैल आणि अस्वल. बैल शिंगानं वर उडवतो म्हणून तेजी, अस्वल पंज्यानं खाली हाणतं म्हणून मंदी, असं बहुतेक माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं. लक्षात ठेवायला सोपं आहे, पण ते नंतर चिकटवलेलं स्पष्टीकरण. अस्वल आलं ते एका म्हणीतून, अस्वल पकडण्याआधी त्याचं कातडं विकू नये. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या बाजारात काही दलाल हातात नसलेले शेअर आजच्या भावानं विकायचे आणि भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन पोच करायचे. कातडं आधी विकलं, अस्वल नंतर मारायचं. त्यांना 'बेअरस्किन' दलाल म्हणू लागले. भाव पडावा हाच त्यांचा फायदा, म्हणून अस्वल म्हणजे मंदीवाला. १७२० चा साउथ सी कंपनीच्या शेअरच्या भावाचा फुगा फुटला तोवर हे शब्द रुळले होते. त्या काळच्या इंग्लंडात अस्वल आणि बैल दोघांनाही खुंटीला बांधून त्यांच्यावर कुत्री सोडण्याचे खेळ चालत, त्यामुळे अस्वलाला जोडीदार म्हणून बैल मिळाला असावा.

अस्वलाच्या कातड्याला आपल्याकडे काय आहे सांगा बघू? 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी'. तूर अजून बाजारात आहे, आणि घरात तिच्यावरून मारामारी. हे जगातलं पहिलं फ्युचर्स ट्रेडिंग असावं. दलाल स्ट्रीटवरचा कांस्याचा बैल २००८ मध्ये बसला. तो सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडवलेला आहे. त्याच जानेवारीत सेन्सेक्सनं २१,००० पाहिले आणि त्याच महिन्यात तो दाणकन आपटला. बैलाला त्यात काही दोष नाही, पण बाजारातल्या लोकांनी त्याच्याकडे संशयानं पाहिलंच.

राहिला कुत्रा. इंग्रज माणूस कुत्र्यावर जीव टाकतो, त्याची भाषा मात्र टाकत नाही. 'डॉग्ज लाइफ' म्हणजे हालाचं जगणं, 'गॉन टू द डॉग्ज' म्हणजे रसातळाला गेलं. हे वाक्प्रचार सोफ्यावरच्या कुत्र्याचे नाहीतच, ते दारात बांधलेल्या, उरलंसुरलं खाणाऱ्या कुत्र्याचे आहेत. 'कुत्रं हाल खाणार नाही' म्हणणाऱ्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

पण 'डॉग डेज'नं मला पुन्हा एकदा अडवलं. जुलैचा महिना होता, युरोपातल्या उष्णतेच्या लाटेची बातमी होती, आणि पहिल्याच ओळीत 'डॉग डेज ऑफ समर'. हा कुत्रा आकाशातला. सिरियस हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, ग्रीक-रोमनांच्या मते मोठ्या कुत्र्याच्या तारकासमूहातला. भर उन्हाळ्यात काही आठवडे तो सूर्याच्या तेजात लपायचा आणि मग एका पहाटे सूर्याआधी पुन्हा दिसायचा. हा तारा आणि सूर्य मिळून आग ओकतात अशी रोमनांची समजूत, म्हणून ते कुत्र्याचे दिवस. जुन्या इंग्रजी पंचांगांत साधारण ३ जुलै ते ११ ऑगस्ट.

आपल्याकडे तो कुत्रा नाही, शिकारी आहे, व्याध. समोरच्या मृगावर त्यानं बाण सोडला आहे, आणि मृगाच्या पोटातले ते ओळीतले तीन तारे म्हणजे तो रुतलेला बाण. सूर्य ७-८ जूनच्या सुमाराला मृगात शिरला की आपण आभाळाकडे बघतो आणि पेरणीची तयारी करतो. आकाशाचा तोच तुकडा, रोमला तो भाजून काढतो आणि आपल्याकडे पहिला पाऊस पाडतो. कुत्र्याचे दिवस म्हणावेत तर ते आपल्याकडे आषाढ-श्रावणात पडतात.

मी लिहिलं, 'ऐन उन्हाळ्याच्या काहिलीत युरोप होरपळत असताना'. वरिष्ठांनी वाचलं, काही बोलले नाहीत, पान सोडलं. दोन वाजता बाहेर पडलो तर रस्ता दिसत नव्हता एवढा पाऊस. प्रेसच्या छपराखाली तीन भटकी कुत्री अंग चोरून बसली होती. त्यांच्याच शेजारी उभा राहून मी रिक्षाची वाट बघितली.